पांढऱ्या टोपीच्या मागे

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट नव्याने शिकू पाहणाऱ्या माणसाने ती शक्यतो एकांतात शिकावी, असे माझे मत आहे. माझ्या वाट्याला मात्र जी गोष्ट आली ती एकांतात शिकण्यासारखी नव्हती. अनोळखी लोकांसमोर उभे राहून मला पाच मिनिटे बोलायचे होते.

माझी सारी नोकरी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. भिंगाखाली दाणे निवडावेत, उगवण पाहावी, अहवाल लिहावा आणि तो पुढे पाठवावा, असे ते काम. त्यात बोलण्याचा प्रसंग फारसा येत नसे, आणि आला तर माझ्या शेजारच्या बाई माझ्या वाटचे बोलून टाकीत. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे परदेशी गेल्या. मग माझ्या ध्यानात आले की भाजीवाल्याशीही मी पूर्ण वाक्यात बोलत नाही. तेव्हा मनाशी काही ठरवून, नगरच्या जुन्या शहराच्या पायी फेऱ्या घडवणाऱ्या एका लहानशा मंडळात मी नाव दिले.

फेरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असे. माळीवाडा वेशीपासून निघायचे, जुन्या पेठांतून कापड बाजारात यायचे आणि एका पडीक हौदापाशी थांबायचे. सारे मिळून दोन तास. फेरीचे मार्गदर्शक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. नव्या सभासदाला ते आधी एकच थांबा देत. मला त्यांनी शेवटचा थांबा दिला. सुलतानांच्या काळी शहराबाहेरच्या उंचवट्यावरून भाजलेल्या मातीच्या नळांनी पाणी शहरात आणले जाई. त्या खापरी नळांविषयी मी हौदापाशी पाच मिनिटे बोलावे, असे ठरले. पहिल्या महिन्यात माझा घसा बसला. दुसऱ्या महिन्यात बसला नव्हता, तरी बसल्याचे मी कळवले. तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"मॅडम, या वेळी नाही जमलं तर नाही जमलं. मी बोलेन. तुम्ही आपल्या हजेरी घेत जा, तेही काम असतंच."

ते अगदी सौजन्याने बोलले, आणि म्हणूनच ते मला लागले. या शनिवारी बोलायचे, नाहीतर आपल्याने हे होणार नाही असे मान्य करून नाव काढून घ्यायचे, हे मी त्याच रात्री ठरवले.

मार्गशीर्षातली ती सकाळ चांगलीच गार होती. वेशीपाशी अकरा माणसे जमली होती. मी हजेरी घेतली, परंतु नावे लिहिताना मी वहीकडे पाहत होते. चेहरे पाहिले नाहीत. तसे पाहण्याची मला सवय नाही. मार्गदर्शकांनी त्या दिवशी डोक्याला कडक इस्त्रीची पांढरी टोपी घातली होती.

"बाजारात गर्दी असते, लोक चुकतात," त्यांनी खुलासा केला. "आता शहरात टोपी घालतो कोण? ही दिसली की मी दिसलो. टोपी सोडायची नाही."

लोक हसले. मलाही ती युक्ती पटली. त्यातील उणीव आम्हा बारा शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

फेरी सुरू झाली आणि माझा गोंधळही तिथूनच सुरू झाला. या शहरात मी पस्तीस वर्षे राहिले आहे. परंतु मी राहते ती सावेडीकडची नवी वस्ती, आणि जुने शहर मला कामापुरते ठाऊक. मार्गदर्शक ज्या शहराविषयी बोलत होते ते मात्र दोन्हींहून वेगळे होते. "इथून तट जात होता," असे म्हणून ते एका मोबाईलच्या दुकानाकडे हात करीत आणि आम्ही सारे त्या दुकानाकडे आदराने पाहत असू. "इथे दरवाजा होता," म्हणून त्यांनी दाखवले तिथे एक टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याला आपल्याकडेच लोक का पाहत आहेत ते कळेना. त्याने उतरून मागचे चाक तपासले. जे नाही त्याच्यापुढे थांबायचे आणि जे आहे त्याला वळसा घालून पुढे जायचे, अशी त्या चालण्याची रीत होती. दिल्ली दरवाजा आमच्या कोणत्या हाताला राहिला हेही मला थोड्या वेळाने सांगता येईना. मी सर्वांच्या मागून चालत होते. हातात माझे टिपण होते. ते वाचण्यासाठी मी जवळचा चष्मा लावला होता, आणि त्यातून चार पावलांपलीकडचे सगळे जग धुरकट दिसत होते.

कापड बाजाराच्या तोंडाशी ते थांबले. "आता आपण एका दुकानातून आत जाणार आहोत. दुकानाच्या मागच्या भिंतीत जुनी दगडी कमान आहे. मालकांची परवानगी घेतली आहे. चपला बाहेर काढाव्या लागतील."

एवढे ऐकून मी पुन्हा टिपणात डोके घातले. 'पाणी स्वतःच्या उताराने वाहत असे' या वाक्यानंतर क्षणभर थांबावे की न थांबावे, याचा निर्णय होत नव्हता. मान वर केली तेव्हा पांढरी टोपी बरीच पुढे गेलेली दिसली. तिच्यामागे पिशव्या घेतलेली दहा-पंधरा माणसे होती. मी लगबगीने त्यांना गाठले. टोपी एका मोठ्या दुकानाच्या पायऱ्या चढली. लोकांनी चपला काढल्या, मीही काढल्या.

ते लग्नसराईचे दिवस होते. मार्गशीर्षात आमच्या जिल्ह्यातली निम्मी गावे बस्ता बांधायला नगरच्या कापड बाजारात येतात, आणि त्या प्रत्येक घोळक्यापुढे पांढरी टोपी घातलेला एक तरी वडीलधारा असतोच. शहरात टोपी कोणी घालत नाही हे खरे होते. परंतु त्या सकाळी कापड बाजारात शहर असे फारसे नव्हते.

आत पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी होती. सगळे बसले, म्हणून मीही भिंतीशी बसले. कमान कोठे दिसेना. ती साड्यांच्या कपाटांमागे असावी, असे मी धरून चालले. दुकानातल्या माणसाने पाणी दिले, चहा सांगितला. परवानगी घेतली म्हणजे मार्गदर्शकांनी फारच चांगली घेतली आहे, असे मनात आले. मग त्याने एक गुलाबी शालू हवेत उलगडून आमच्यापुढे पसरला. हेही मला फेरीचाच भाग वाटले. पेठेचा व्यापार कसा चाले याचे प्रात्यक्षिक असावे, अशी मी समजूत करून घेतली आणि काठ बोटांत धरून लक्षपूर्वक पाहिला.

"बघा, बाईंनी काठालाच हात घातला," माझ्या शेजारची धिप्पाड बाई म्हणाली. "पारख हाय त्यांना."

मी हसले. अडचणीत सापडले की मी हसते.

मग मी चष्मा बदलला. टोपीखालचा चेहरा आमच्या मार्गदर्शकांचा नव्हता. मिशा पांढऱ्या, कानात भिकबाळीएवढी सोन्याची कडी, मनगटावर भले मोठे घड्याळ. भोवतालच्या माणसांत मला एकही ओळखीचा चेहरा दिसेना. पण मी आमच्या गटातले चेहरे पाहिलेच नव्हते, त्यामुळे यांतले आमचे कोणीच नाही असेही छातीठोक म्हणता येईना. मधोमध बसलेल्या मुलीच्या खांद्यावर शालू टाकून तिला आरसा दाखवला जाऊ लागला, तेव्हा मात्र शंकेला जागा उरली नाही. हा लग्नाचा बस्ता होता. नवरीकडची आणि नवऱ्याकडची माणसे एकत्र बसून सगळ्यांची वस्त्रे काढत होती.

उठून 'माफ करा, मी चुकून आले' असे म्हणणे एवढेच करायचे होते. मी वाक्य मनात जुळवले. त्यात 'माफ करा' आधी यावे की 'क्षमस्व' म्हणावे, याचा विचार करते आहे तोवर चहा आला. चहा घेतल्यावर उठणे अधिकच कठीण झाले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. साडेदहाला मला हौदापाशी उभे राहायचे होते.

हळूहळू माझ्या ध्यानात आले की इथे कोणालाही माझे नवल वाटत नाही. धिप्पाड बाई नवऱ्या मुलाची आई होती. सोनईकडची, बागायती घरातली. ती मला नवरीकडची समजत होती. पलीकडे बसलेली काटकुळी बाई नवरीची मावशी; पाथर्डीच्या बाजूची. तिच्या लेखी मी नवऱ्याकडची होते. दोघी माझ्याशी सारख्याच अदबीने वागत होत्या, कारण दोघींनाही विरुद्ध बाजूचा मान राखायचा होता.

"तुमच्याकडं आसंच गडद चालतं का वो?" मावशीने मला विचारले.

"सगळंच चालतं," मी म्हणाले. ते खोटे नव्हते.

"बग," मावशी मुलीला म्हणाली, "मानसं साधी हायेत. तुला तरास न्हाई व्हायचा."

मुलीने माझ्याकडे असे काही कृतज्ञतेने पाहिले की मला खाली पाहावे लागले. माझ्या नसलेल्या घरात तिला त्रास होणार नाही, असे आश्वासन मी दिले होते.

मग मानाच्या साड्या निघाल्या. आत्या, मावशी, मामी, चुलती यांना जिच्या तिच्या मानाप्रमाणे साडी द्यायची असते, आणि एखादी बाई त्यातून सुटली तर लग्न पार पडते, पण तिचा रुसवा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. मुलाच्या आईने बोटांवर नावे घेतली. नंतर ती त्या टोपीवाल्या गृहस्थांकडे सरकली. ते मुलाचे चुलते होते. ती दबक्या आवाजात बोलली, परंतु तिचा दबका आवाजही गादीभर ऐकू येत होता.

"भाऊजी, त्या भिंतीकडच्या बाई यादीत न्हाईत. शिकलेल्या दिसत्यात. नवरीची आत्या आसंल. एक वाढवा."

"वाढवा की," भाऊजी म्हणाले. "एका लुगड्यावरनं बोल नको."

दुकानातल्या माणसाने माझ्या मांडीवर एक आमसुली साडी ठेवली. मावशीने ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या मानसाला तुमी आमच्या म्होरं साडी देता व्हय? मंजी आमी इसरलो, आसं दाखवायचं?"

"आमच्या मानसाला? आवो, तुमच्याच न्हवं का त्या?"

"आमच्या कुटल्या? आमी चार जनीच आलोय."

"मग काय आमी दडवून आनल्या का?"

"मला काय ठावं! आमी गरीब हाय, पर मानपानात कमी न्हाई पडणार. त्यांची साडी आमी देनार."

"तुमी कशाला? आमी दिली की!"

दोघी एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. साऱ्या गादीने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी पळण्याचा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. परंतु चपला दाराशी होत्या आणि मांडीवर साडी होती. मुलीची मान खाली गेली होती. माझ्या मौनामुळे तिच्या सोयरिकीत पहिला खडा पडत होता.

"मी कुणाचीच नाही," मी म्हणाले.

ते वाक्य मी योजलेले नव्हते आणि ते फार करुण झाले. मुलाच्या आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आसं नका म्हनू, बाई. कुनी न्हाई कसं? आमी हाव की."

"तसं नाही," मी घाईने म्हणाले. "मला घर आहे. नवरा आहे. ते आत्ता घरी पेपर वाचत असतील. मी फिरायला आले होते. आमच्या माणसानेही पांढरी टोपी घातली होती. मी यांच्या टोपीमागून आले."

क्षणभर कोणाला उमगले नाही. मग चुलत्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती आतून-बाहेरून पाहिली आणि ते असे हसले की त्यांना ठसका लागला. मग सगळी गादी हसली. मावशी तर साडीच्या ढिगात कोलमडली. "आवं, माझ्या टोपीमागनं आजवर आमची बायको बी आली न्हाई," चुलते म्हणाले, "आन तुमी दुकानापातुर आला!"

मी साडी घडी करून परत केली. हसण्यात कुचेष्टा नव्हती, तरीही मला वाटत होते की आता हौद, टिपण, मंडळ सारे संपले; जी बाई चुकीच्या दुकानात पाऊण तास गप्प बसते तिने जाहीर बोलण्याची उमेद धरू नये.

"पर फिरायला मंजी काय बगायला?" चुलत्यांनी विचारले. "हितं बगन्यासारकं काय हाय?"

"मला हौदावर जायचं होतं. पाण्याविषयी बोलायचं होतं. पूर्वी खापरी नळांनी पाणी यायचं, त्याविषयी."

"खापरी नळ? मंजी मातीचं? मोटार कुटली हुती तवा?"

"मोटार नाही. उतारावर. पाणी स्वतःच्या उताराने यायचं."

"कोसावरनं?" ते पुढे सरकले. गादीच्या टोकाला पेंगत बसलेले दोघे-तिघे पुरुषही सावध झाले. "आन मधी चढ आला तर? म्या विहिरीवरनं पाइपलाइन आनलीय बाई, मला सांगू नका. मधी हवा धरती. हवा धरली की पानी तितंच थांबतं. आमाला व्हॉल्व बसवावा लागला."

"तेही बसवीत," मी म्हणाले. "म्हणजे व्हॉल्व नव्हे. वाटेत मधूनमधून दगडी मनोरे बांधीत. पाणी त्यात वर चढे, अडकलेली हवा वरून निघून जाई, आणि पाणी पुन्हा नळात उतरे."

"आरं तिच्या!" ते मागच्या माणसांकडे वळून म्हणाले. "बगा, आयकताय का? आन तो आपला फिटर म्हनत हुता, हे तंत्र आत्ता निगालं!"

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सांधे चुन्याने कसे जोडत असावेत, नळ जमिनीत किती खोल असतील, शेवटच्या हौदात पाणी पोहोचते हे कसे कळे, असे ते विचारत गेले आणि मला ठाऊक होते ते मी सांगत गेले. टिपण पिशवीत होते. बायकांनी हिरव्या आणि मोरपंखी शालूंत निवड चालवली होती, आणि मला त्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलावे लागत होते. तो मी चढवला. मग चुलत्यांनी विचारले, "आन गाळ? गाळ कसा काडायचे? मातीच्या नळात मानूस तर शिरत न्हाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मला ते उत्तर माहीत नाही असे आढळले. टिपणातही ते नव्हते. इतके महिने मी हा विषय पाठ केला, आणि नळ तुंबला तर काय करीत असतील हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"ठाऊक नाही," मी म्हणाले. तेवढ्यात माझी नजर घड्याळाकडे गेली. अकराला दहा मिनिटे होती.

"चला," चुलते उठले. "बायका काय बाराबिगर उटत न्हाईत. हौद तरी दावा."

मला वाट माहीत नव्हती. ती त्यांनी बाहेरच्या पानवाल्याला विचारली. कापड बाजारातून आम्ही चौघे निघालो. पुढे चुलते, मागे त्यांचे दोन सोबती आणि मध्ये मी. समोरून टोप्यांमागून टोप्या येत होत्या.

हौदापाशी आमचा गट होता. बराच वेळ माझी वाट पाहून मार्गदर्शक आता हौदाकडे पाठ करून स्वतःच बोलू लागले होते. माझ्या वाटची पहिली तीन वाक्ये त्यांनी बोलून टाकली आहेत हे मी लांबूनच ओळखले. मला पाहून ते थांबले.

"मॅडम! तुमचा फोन? सहा वेळा केला. आम्हाला वाटलं, घसा..."

फोन मी त्यांच्याच सूचनेवरून निःशब्द केला होता. काय घडले ते सांगायला मला निदान अर्धा तास लागला असता. "घसा ठीक आहे," मी एवढेच म्हणाले. त्यांनी एक पाऊल मागे घेतले आणि हाताने जागा दाखवली.

मी तिथे उभी राहिले. पाठ केलेले पहिले वाक्य त्यांनी बोलून टाकले होते, दुसरे-तिसरेही. चौथे मला आठवेना. अकरा चेहरे माझ्याकडे पाहत होते, आणि दुकानात जो आवाज मला होता तो आता नव्हता. तिथे आला आणि इथे का नाही, हे मला तेव्हाही कळले नाही, आजही नीट कळत नाही. मी हसले. कोणीतरी घड्याळ पाहिले.

चुलत्यांनी मात्र माझी वाट पाहिली नाही. ते सरळ हौदाच्या काठाशी गेले, गुडघे टेकून ओणवे झाले आणि आत डोकावले. "आरं, पानी यायचं भोक कुटंय?" ते आत तोंड करून म्हणाले, आवाज घुमला. त्यांच्या सोबत्यांनी डोकावले. मग गटातल्या एका तरुण जोडप्याने डोकावले, मग सगळ्यांनीच. मार्गदर्शकही वाकले. आत पाला, फुटके ताट आणि प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. त्यापलीकडे काळ्या दगडात एक गोल तोंड दिसत होते. क्षणात माझ्यापुढे एकही चेहरा उरला नाही. उरल्या त्या फक्त ओणव्या पाठी: तीन सदऱ्यांच्या आणि बाकीच्या जर्किनांच्या.

"उजव्या हाताला पाहा," मी त्या पाठींना म्हणाले. "तो गोल दगड. तिथून यायचं."

मग मी बोलत गेले. उतार सांगितला, मनोरे सांगितले, सांधे सांगितले. क्रम चुकला. 'स्वतःच्या उताराने' नंतर मी थांबले की नाही ते आठवत नाही. शेवटी मी म्हणाले, "गाळ कसा काढत असतील ते मला माहीत नाही. ते शोधावं लागेल."

कमरेवर हात ठेवून एकेक जण सरळ झाला. सरळ होताच त्या तरुण जोडप्यातली मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण मॅडम, नळ फुटला तर कुठे फुटला हे वरून कसं कळायचं?"

आता तिचा चेहरा समोर होता, आणि इतर सगळेही. मी क्षणभर खाली पाहिले. मग वर पाहून तिला म्हणाले, "जमीन ओली व्हायची. तेवढ्या पट्ट्यात गवत उगवायचं. असा माझा अंदाज आहे."

"बराबर हाय अंदाज," चुलते टोपी झटकत म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजू लागला. दुकानातून शालूविषयी विचारत होते.